झाकणाखाली काय होतं?

आमच्या भिशीचा एक नियम आहे. गाजलेल्या मालिकेचा शेवटचा भाग ज्या दिवशी असेल, त्या दिवशी भिशी नाही! भिशी दुसऱ्या दिवशी. म्हणजे चहा-चिवड्याबरोबर चर्चाही यथासांग होते. 2016च्या ऑक्टोबरात ‘रात्रीस खेळ चाले’चं पहिलं पर्व संपलं, तेव्हा तर चर्चा इतकी रंगली, की चिठ्ठी काढायचीच राहून गेली. पैसे कुणाला द्यायचे, हे रात्री फोनवर ठरलं.

आठवतं ना मैत्रिणींनो? फेब्रुवारीत अण्णा नाईक गेले आणि सगळं नाईक कुटुंब वाड्यात जमलं. तेव्हापासून आठ महिने आपण रोज रात्री ‘हे कोण करतंय’ म्हणून डोकं लावत बसलो होतो. आमच्या सासूबाईंना मालवणी बोली कुठली कळायला! वऱ्हाडात जन्म गेला त्यांचा. “हे कोन्ती भाषा बोलतेत वं?” असं पहिले आठ दिवस विचारत होत्या. नवव्या दिवसापासून विचारणं बंद. म्हणाल्या, “भाषा नाई समजत, पन मानूस समजते.”

हे वाक्य पुढे चार वर्षांनी मला फार उपयोगी पडणार होतं. त्याचीच ही गोष्ट.

आमचं गाव तळेगाव (श्यामजी पंत). कंसातलं ‘श्यामजी पंत’ लिहावंच लागतं. नुसतं तळेगाव म्हटलं, की पुण्याकडच्या लोकांना तळेगाव दाभाडेच आठवतं. माझा धाकटा पुण्यात नोकरीला लागला, तेव्हा त्याला सगळे म्हणायचे, “मग रोज घरूनच ये-जा करत असशील!” तो सांगायचा, “अहो, ते तळेगाव वेगळं. आमचं वर्धा जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात. नागपूर-अमरावती रोडवर.” आमच्या गावाची खरी ओळख म्हणजे हा रस्ता. पूर्वी याला सहा नंबरचा हायवे म्हणायचे, आता नंबर त्रेपन्न झालाय. रात्रभर ट्रकांचे आवाज. लग्न होऊन आले तेव्हा मला झोप येत नसे. पुढे सवय अशी झाली, की आवाज थांबला तरच जाग यायची.

मार्च 2020 मध्ये तो आवाज थांबला.

लॉकडाऊन लागायच्या चार दिवस आधी धाकटा घरी आला होता. पाठीवर एक बॅग, हातात लॅपटॉप. “आठ-दहा दिवस घरूनच काम आहे,” म्हणाला. त्या आठ-दहा दिवसांचे महिने झाले. गच्चीवर रेंज मिळायची, म्हणून सकाळी टाकीच्या सावलीत त्याचं ऑफिस भरायचं. आमच्या यांचा जीव संत्र्याच्या बागेत अडकलेला. मृगाच्या बहराचा माल झाडावर आणि व्यापारी फिरकायला तयार नाही. बोअरचं कर्ज होतं. त्याचा हप्ता धाकट्याच्या पगारातून जात होता. हे इथं सांगून ठेवते, कारण पुढे लागणार आहे.

टीव्हीवर नवीन काहीच नव्हतं. चित्रीकरणं बंद, मालिकांचे जुनेच भाग पुन्हा दाखवत होते. सकाळ-संध्याकाळ दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचं, ते संपलं. सासूबाई कंटाळल्या. एका रात्री धाकट्यानं स्टुलावर लॅपटॉप मांडला आणि म्हणाला, “आजी, तुले एक मालिका दाखवतो. इंग्रजी आहे, पन मी सांगत जातो.”

मालिकेचं नाव ‘लॉस्ट’. म्हणजे हरवलेले. 2004च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि सहा पर्वं करून 2010च्या मे महिन्यात संपली. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या मुलामुलींनी ती तेव्हाच वेड लागल्यासारखी पाहिली होती. आम्ही पाहिली सोळा वर्षांनी. गोष्ट अशी : ऑस्ट्रेलियातल्या सिडनीहून अमेरिकेला निघालेलं विमान भर समुद्रात एका अनोळखी बेटावर कोसळतं. विमानाच्या मधल्या भागातले अठ्ठेचाळीस जण वाचतात. कुणी डॉक्टर, कुणी चोर, कुणी गायक, कुणी सैनिक. सोडवायला कुणी येत नाही. जंगलात काहीतरी भयंकर फिरत असतं. आणि प्रत्येकाच्या मागच्या आयुष्यात काहीतरी दडवलेलं असतं. ते आपल्याला थोडं थोडं दाखवतात.

“एवढं इमान पडलं आन् हे लोकं मेले कसे नाई?” हा सासूबाईंचा पहिला प्रश्न. पण दुसऱ्या रात्री नऊ वाजता त्याच आधी येऊन बसल्या. इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. डॉक्टरला डाक्तर. टक्कल असलेल्या लॉकला टकल्या. हर्लीला जाड्या. सईद नावाचा इराकी सैनिक दिसला, की म्हणायच्या, “हा तं आपल्याकडचाच दिसते.” त्यांची नजर चुकली नव्हती हं! ते काम करणारे नवीन अँड्र्यूज लंडनमध्ये जन्मलेले असले, तरी त्यांचे आईवडील मूळचे केरळचे.

माझा जीव मात्र गुंतला तो एका कोरियन जोडप्यात. नवरा जिन, बायको सून. हो, नाव खरंच सून! सासूबाईंना केवढा आनंद! “पाय, त्याइच्या इथंही सूनच,” म्हणायच्या. या दोघांना इंग्रजी येत नाही, म्हणून बेटावर ते सगळ्यांपासून वेगळे पडलेले. नवरा तापट. बायकोच्या गळ्याचं बटण उघडं राहिलं तरी चिडणारा. ती खाली मान घालून ऐकणार. आणि सहाव्या भागात एकदम कळतं, की या बाईला इंग्रजी उत्तम येतं. नवऱ्याला सोडून जायचं तिनं ठरवलं होतं, त्यासाठी चोरून शिकली होती. सिडनीच्या विमानतळावरून निसटून जायचं, इथपर्यंत बेत झाला होता. पण ऐनवेळी त्यानं लांबूनच एक पांढरं फूल दाखवलं आणि हिचा पाय निघाला नाही.

गंमत सांगू? इंग्रजी न येणाऱ्या जिनचं काम करणारे डॅनियल डे किम अमेरिकेतच वाढलेले. त्यांना इंग्रजी अस्खलित, उलट कोरियन भाषेचा सराव नव्याने करावा लागला. आणि सूनचं काम करणारी युनजिन किम मुळात दुसऱ्याच भूमिकेसाठी गेली होती. ती आवडली, म्हणून तिच्यासाठी ही सून नव्याने लिहिली गेली.

धाकटा आजीला वऱ्हाडीत सगळं समजावून सांगायचा. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं यायची. मी भाजी निवडत, शेंगा फोडत बसलेली. माझ्याकडे कुणाचं लक्ष नसे. आणि मला एक कळायला लागलं, की तो सगळं सांगत नाही. कुणी कडू बोललं, मरणाचं बोललं, की तो ते गाळून टाकतो आणि आजीला गोड करून सांगतो.

आता विचाराल, तुम्हाला कसं कळलं? खरं सांगते. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षातून उठून लग्न करून आले. इंग्रजी कच्चं होतं. पण पोरांचं पाचवीपासून दहावीपर्यंतचं इंग्रजीचं प्रत्येक पुस्तक मी वाचलंय. आधी त्यांचा अभ्यास घ्यायला, मग सवयीने. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? बोलता येत नव्हतंच. पण वाचलं तर कळत होतं, आणि सावकाश कुणी बोललं, तर कानाला लागत होतं.

त्याच दिवसांत आमच्या हायवेवर माणसं दिसायला लागली. चालणारी. डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरं. हा रस्ता सुरतेकडून येतो आणि थेट कलकत्त्याकडे जातो. गुजरातमधून, मुंबई-नाशिककडून निघालेले मजूर छत्तीसगडकडे, ओडिशाकडे पायी निघाले होते. मे महिना, विदर्भाचं ऊन. गावातले लोक पाणी द्यायचे, खिचडी द्यायचे. आमच्या यांनी बागेतली उरलीसुरली संत्री नेऊन वाटली. एका बाईच्या पायात चप्पल नव्हती. मी माझी दिली, तर ती आधी घेईना. तिची भाषा मला कळत नव्हती. पण सासूबाई म्हणतात तसं, माणूस कळत होतं.

अशाच एका संध्याकाळी वाळवणं काढायला मी गच्चीवर गेले. टाकीच्या पलीकडे धाकटा फोनवर इंग्रजीत बोलत होता. मी आलेली त्यानं पाहिलं, आणि तरी बोलत राहिला. आईला काय कळतंय! मी कुरडया गोळा करत होते. त्याच्या तोंडून आलं, “लास्ट वर्किंग डे.” हे कळायला काही मोठी शाळा शिकावी लागत नाही. मग म्हणाला, “घरी कुणाला सांगू नको.” तेही इंग्रजीतच.

कुरडयांचं सूप घेऊन मी खाली आले. यांना काही बोलले नाही. बोअरचा हप्ता डोळ्यांपुढे आला, पण त्याहून जास्त हे आलं, की माझं पोर हे एकटंच उरावर घेऊन रोज रात्री आजीला गोष्ट सांगतंय. हसवतंय.

दोन-तीन दिवसांनी मालिकेचा सतरावा भाग आला. बेटावरून सुटायला बांधलेला तराफा कुणीतरी जाळतं. आळ जिनवर येतो. त्याला मारहाण होते आणि त्याला धड बोलताही येत नाही. तेव्हा सून सगळ्यांसमोर इंग्रजीत ओरडते, की यानं नाही जाळला. सगळे गप्प. जिन तिच्याकडे पाहतच राहतो. नवऱ्याला वाचवायला तिनं स्वतःचं गुपित फोडलं. आणि त्याला सगळ्यात जास्त लागलं, ते तेच गुपित.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला कळतं, हे मी पोराला सांगितलं, तर तो रागावेल का? आईपुढेही मोकळं बोलायची सोय उरली नाही, असं वाटेल का? गप्प राहिले, तर तो एकटा. आपण बायका अशा किती गोष्टी ‘माहीत नाही’ म्हणून माहीत ठेवतो, नाही का? नवऱ्याचं कर्ज, नणंदेचं दुखणं, लेकीचं सासर. घर शांत राहावं म्हणून. पण कधी कधी त्या शांततेत एखादं माणूस बुडत असतं.

आणि मग पहिल्या पर्वाचा शेवट आला. मे महिन्याचा तिसरा आठवडा असेल.

अमेरिकेत अशा मालिका सहसा आपल्यासारख्या रोज चालत नाहीत. आठवड्याला एक भाग, सप्टेंबर ते मे, आणि मग एकदम पुढच्या सप्टेंबरात. म्हणून मे महिन्यातला शेवटचा भाग असा करतात, की लोकांनी चार महिने डोकं खाजवत बसावं. ‘लॉस्ट’च्या पहिल्या पर्वाचा शेवट 18 आणि 25 मे 2005 अशा दोन बुधवारी दाखवला होता. आम्ही एकाच रात्री बघायला बसलो. नऊला सुरू केलं. अर्ध्या तासात वारं सुटलं, आणि व्हायचं तेच झालं. लाइट गेली. कूलर बंद. घामाच्या धारा. पण लॅपटॉप चालू होता. धाकटा म्हणाला, “बॅटरी पुरली तं पुरली.” सासूबाई म्हणाल्या, “बोलू नको मंग. लाव.”

पडद्यावर नवा तराफा समुद्रात निघालेला. चार जण जाणार, त्यांत जिन. मागे राहणाऱ्यांनी आपापल्या घरच्यांसाठी चिठ्ठ्या लिहून एका बाटलीत घातलेल्या. सून नवऱ्याजवळ येते आणि एक छोटी वही त्याच्या हातात देते. तराफ्यावर लागतील असे इंग्रजी शब्द तिनं त्यात कोरियन लिपीत लिहून दिलेले, त्याला वाचून बोलता यावेत म्हणून. ज्या भाषेवरून दोघांत भिंत उभी राहिली, तीच तिनं वहीत बांधून दिली. दोघंही रडतात. तो सांगतो, की तुला वाचवायलाच मी चाललोय.

धाकटा हे आजीला सांगत होता आणि सांगता सांगता त्याचा आवाज बसला. आजीला वाटलं, पोरगं घामानं त्रासलं. तिनं पदरानं त्याला वारा घातला.

पुढचं भराभर झालं. रात्री समुद्रात एक बोट भेटते. सगळ्यांना वाटतं, सुटलो. पण त्या बोटीवरचे लोक तराफ्यावरचं लहान पोरगंच उचलून नेतात आणि तराफा पेटवून देतात. “लेकरू नेलं वं!” सासूबाई इतक्या जोरात ओरडल्या, की शेजारून हाक आली, “काय झालं?” इकडे बेटावर जमिनीत एक लोखंडी झाकण सापडलेलं असतं. कितीतरी भाग ते उघडायची धडपड चाललेली. शेवटी सुरुंगाची दारू लावून ते उडवतात. डाक्तर आणि टकल्या मशाल घेऊन आत वाकून बघतात. खाली खोल अंधारा खड्डा, तुटलेली शिडी. कॅमेरा खाली खाली जातो, वर दोघांची तोंडं लहान लहान होत जातात... आणि संपलं!

“म्हंजे?” सासूबाई. “एवढे दिवस बसून भोकच दाखोलं?”

तेवढ्यात बॅटरीही संपली. पडदा काळा झाला. घरात अंधार, वाऱ्याचा आवाज, आणि लांब हायवेवर कुणा चालणाऱ्याच्या हातातल्या बॅटरीचा उजेड.

त्या अंधारात मला धीर आला. मी विचारलं, “लास्ट वर्किंग डे कधी आहे?”

तो काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, “आई, तुले कधीपासून समजते?”

“तू पाचवीत होता तेव्हापासून.”

“काय म्हनते वं ते?” सासूबाईंनी विचारलं. आणि मग त्यानं सगळं सांगितलं. या वेळी काही न गाळता. मे अखेर शेवटचा पगार. पुढे काही नाही. हप्त्याचं काय करायचं, हे सुचत नाही म्हणून आठ दिवस झोपला नव्हता. हे बाहेर ओट्यावर बसून ऐकत होते. आत आले आणि म्हणाले, “हप्त्याचं मी पाहातो. तू आधी जेवून घे नीट. आठ दिवस झाले, अर्धी पोळी टाकून उठते.” म्हणजे बापालाही दिसत होतंच! एकाच छताखाली चार माणसं, आणि प्रत्येकाच्या मनात एकेक झाकण.

आमचे प्रश्न त्या रात्री सुटले असं नाही. गळ्यातली पोत मोडून दोन हप्ते भरले. धाकटा दिवाळीपर्यंत घरी राहिला, आंब्या बहराची तोडणी त्यानं बापाबरोबर केली. 2021च्या सुरुवातीला दुसरी नोकरी मिळाली, पहिलीपेक्षा कमी पगाराची. पुण्याला गेला. आता फोनवर मला सगळं सांगतो, नको तेसुद्धा. मधेच इंग्रजी शब्द टाकून विचारतो, “हे समजलं?” मी म्हणते, “तुले वऱ्हाडी येते न अजून? मंग झालं.”

‘लॉस्ट’ची पुढची पर्वं आम्ही पाहिली नाहीत. मी नंतर वाचलं, की अगदी शेवटचा भाग पुष्कळांना आवडला नाही. सहा वर्षं कोडी घातली आणि सगळ्यांची उत्तरं दिलीच नाहीत, म्हणून लोक चिडले. शेवटी सगळी माणसं एका प्रार्थनाघरात भेटतात, एकमेकांना ओळखतात, मिठ्या मारतात. कुणी म्हणालं, फसवलं. कुणी रडलं. मी आपली रडणाऱ्यांतली. कोण होतं आणि काय होतं, हे चार दिवसांत विसरायला होतं. कुणाजवळ बसून पाहिलं, ते राहतं.

सासूबाई 2022 मध्ये गेल्या. आजारात एकदा त्यांनी धाकट्याला फोनवर विचारलं, “बाबू, त्या झाकणाखाली काय निंघालं रे?” त्यानं सांगितलं, की खाली एक माणूस राहत असतो. एकटाच. त्याला दर एकशे आठ मिनिटांनी एक बटण दाबावं लागतं. दिवस नाही, रात्र नाही. एकदा चुकला तर जगबुडी होईल, असं त्याला सांगून ठेवलेलं असतं.

सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “एवढंच? म्हंजे सयपाकच न!”

फोनच्या त्या टोकाला तो हसला, या टोकाला आम्ही दोघी. हसता हसता त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मैत्रिणींनो, पुढच्या भिशीला चिठ्ठी कुणाचीही निघो, मी हेच सांगणार आहे. आणि घरी गेल्यावर एकदा बघा, तुमच्या घरात कोण जेवताना अर्धी पोळी टाकून उठतंय.